कफ सुटायला फुंकायचं यंत्र: चांगलंय, पण नुसतं फुंकून भागत नाही

बाबांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार), सोबत ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या रुंद-सैल होऊन त्यात कफ साचतो) पण. त्रास उफाळला की छातीत नुसती घुरघुर, खोकून खोकून जीव जातो पण बेडका काही सुटत नाही. फिजिओंनी हे हातात धरून फुंकायचं ओसिलेटिंग पेप (श्वास सोडताना अडथळा आणि थरथर देणारं यंत्र) सांगितलं म्हणून घेतलं. बॅटरी-बिटरी काही नाही. स्टीलच्या गोळीवालं पण मिळतं पण ते ठराविक कोनातच धरावं लागतं, हे लोहचुंबकवालं आहे त्यामुळे कुशीवर पडून पण चालतं, आणि धाप लागलेल्या माणसाला ताठ बसवत नाही तेव्हा हाच फरक कामी येतो.

फुंकताना अडथळा येतो म्हणून आत साधारण 10 ते 20 सेंटीमीटर पाण्याइतका दाब राहतो, श्वासनळ्या मिटत नाहीत, हवा कफाच्या मागे पोचते आणि थरथरीनं तो सुटा होतो. गाल फुगले की सगळी थरथर तोंडातच राहते! गाल घट्ट धरायचे, छातीवर हात ठेवला की बरोबर कळतं. आमच्याकडे नेब्युलायझर आधी, मग हे, जेवल्यावर लगेच अजिबात नाही. श्वास घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा, मग सावकाश सोडायचा, जोर लावायचा नाही, असं दहाएक वेळा, आणि मग हफ, म्हणजे आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून हाऽऽ. खरा कफ या हफनंच बाहेर येतो, यंत्र फक्त सुटा करतं. त्रास जास्त असला की बाबांना लांब श्वास सोडवतच नाही, तेव्हा यंत्रावरचा अडथळ्याचा डायल कमी करून मध्ये मध्ये थांबत करतो, घाई केली की चक्कर येते. थुंकीत रक्त दिसलं तर मात्र बंद, आधी डॉक्टर.

2012 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) असं होतं की त्रास उफाळलेला असताना कफ काढायच्या या पद्धतींनी व्हेंटिलेटरच्या मदतीची गरज कमी झाली, पण पुढचे अ‍ॅटॅक टळतात असं काही दिसलं नाही. त्यामुळे इनहेलर बंद होईल या आशेनं कोणी घेऊ नका.

सुटं करून साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतं, वाळायला मात्र वेळ लागतो, ओलं ठेवून चालणार नाही कारण जंतू परत छातीतच जाणार. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो माहितीपत्रकासाठी, एवढं घडी घडीचं पत्रक आणि त्यात हफचा उल्लेखच नाही, फिजिओ नसते तर बाबा अजून नुसते फुंकत बसले असते.