स्टोरीवीव्हर : पोरीच्या वाचनासाठी जूनपासून वापरतोय, अनुभव

सरळ सांगतो, फुकट आहे म्हणून सुरू केलं. त्याआधी एका पैसेवाल्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन झालेलं, नाव घेत नाही. त्यात पोरगी मोठ्यानं वाचणार आणि मोबाईल ऐकून स्टार देणार अशी भानगड होती. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेच्या हेलात वाचलं की मशीन गप्प, आणि हिचं सगळं लक्ष स्टारवर, गोष्ट कुणाची होती विचारलं तर पत्ता नाही.

स्टोरीवीव्हर ही पोरांच्या गोष्टींची वेबसाईट, बेंगळुरूच्या प्रथम बुक्स ह्या बालपुस्तकं काढणाऱ्या संस्थेची, २०१५ पासून आहे. मराठी भाषा आणि लेव्हल निवडायची की चित्रांच्या गोष्टी समोर येतात. लेव्हल १ अडीचशे शब्दांच्या आतली, २ साधारण सहाशेपर्यंत, ३ दीड हजारापर्यंत, त्यावर ४. पण पोरगी तिसरीत म्हणून लेव्हल ३ लावली असं करू नका. खेड्यापाड्यातल्या पोरांना कितपत वाचता येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या सर्व्हेत बघतात तसं घरीच बघता येतं, आधी अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. हिचा उतारा अडखळत व्हायचा आणि गोष्टीत दम लागायचा, म्हणून लेव्हल १ पासनं. 'ही बारक्या पोरांची हाईत' म्हणून रुसली, मग शेजारच्या बारक्याला वाचून दाखवायचं काम दिलं, मिटलं.

आता मराठीत शब्द कमी म्हणजे सोपं असं काही नसतं. ओळ चारच शब्दांची असते, पण त्यात जोडाक्षर नाहीतर रफार आला की पोरं तिथंच बसतात. 'सूर्य'ला ही 'सुरय' म्हणायची. रफार बोलताना आधी येतो आणि कागदावर बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, ते नजरेला सवयीचं व्हायला वेळ लागतोच. मी गोष्ट आधी स्वतः वाचून असले चार-पाच शब्द पाटीवर लिहितो, ते वाचून घ्यायचे, मग गोष्ट. ह्यानं खूप फरक पडला.

दुसरी गंमत खास कोल्हापूरची. गोष्टीतली मुलगी म्हणते 'मी बाजारात गेले', आमची वाचते 'मी बाजारात गेलो'. इथं घराघरात पोरी 'आलो, गेलो, जेवलो'च बोलतात, तिला त्यात काही वावगं वाटतच नाही, आणि आमची आई म्हणते, 'बरोबर तर वाचली की, काय अडलं तुझं?' मी पण तिथं थांबवत नाही, अर्थ कळतोय म्हणूनच तोंडात आपलं बोलणं येतंय. पण 'पाणी'च्या जागी 'पान' वाचून तशीच पुढं पळत सुटली तर मात्र ओळ संपू देतो आणि विचारतो, 'पान प्याला व्हय गं त्यो?' खो खो हसते आणि स्वतःच मागं जाते. शब्दाशब्दाला टोकलं की पुढचं सगळं आपल्या तोंडाकडं बघत वाचतात पोरं.

मोबाईल हातात दिला की पाच मिनिटांत कार्टून चालू होतं, म्हणून पीडीएफ उतरवून कोपऱ्यावर झेरॉक्स काढतो. लायसन क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे, लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून प्रिंट काढा, वाटा, बिनधास्त. रंगीत चित्रं काळी होतात, ती पोरगी खडूनं रंगवत बसते, बसू दे. एकच गोष्ट तीन-चार संध्याकाळी वाचायची, पहिल्या दिवशी मी वाचतो ओळीखाली बोट फिरवत, नंतर दोघं मिळून, मग ती एकटी. पाठ होतं म्हणून काही जण नावं ठेवतील, पण पाठ झालंय का बघायचं असलं तर मधलीच एखादी ओळ वाचायला द्या, लगेच कळतं. सेमी इंग्लिशवाल्यांना अजून एक फायदा, बऱ्याच गोष्टी त्याच चित्रांसकट इंग्लिशमध्ये पण आहेत. आधी मराठी झाली की इंग्लिश निम्मी आपोआप कळते.

एवढं असून ह्यावरच भागवू नका. भवानी मंडपाकडं गेलं की करवीर नगर वाचन मंदिर आहेच, १८५० सालचं, पोरांना पुस्तकांची कपाटं बघू देत जरा. आणि वाचायला लागली की बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात.

सध्या आमचं लेव्हल ३ चालू आहे. गोष्ट एका बैठकीत होत नाही, दोन दिवस जातात, अर्ध्यात सोडली तर दुसऱ्या दिवशी 'पप्पा, पुढचं पान कुठाय' म्हणून मागं लागते. लेव्हल ४ मे महिन्याच्या सुट्टीत बघू.