चावीचा म्युझिक बॉक्स: आवाज झक्कास, स्टिकरवर नाव भलत्याचंच

ऑनलाइन मागवला, लाकडी आहे, तळहातावर मावेल एवढा. आवाज एकदम स्वच्छ. झाकण काचेचं असल्यामुळे आतला पितळी सिलिंडर फिरताना दिसतो, त्याच्यावरचे बारीक बारीक खिळे पोलादी फणीचे दात छेडत जातात, आमच्याकडे पोरं बाजूला आणि मोठेच बघत बसतात. चावी मात्र जास्त पिळू नका, शेवटी शेवटी अडकते.

आता तक्रार. खाली स्टिकरवर छापलंय 'स्ट्रॉस, व्हिएन्ना'. म्हणजे वॉल्ट्झ (तीन ठोक्यांच्या तालातलं युरोपी नाचाचं संगीत) रचणारा प्रसिद्ध ऑस्ट्रियन संगीतकार. अहो कुठला स्ट्रॉस! ही धून म्हणजे 'सोब्रे लास ओलास' नावाचा वॉल्ट्झ, सर्कशीत ट्रॅपीझवाले झोके घेताना वाजते ना, तीच, आणि ती हुवेंतिनो रोसासची आहे. माणूस मेक्सिकोचा, ग्वानाह्वातो राज्यातल्या सांता क्रूझ गावचा, 1868 चा जन्म, ओतोमी आदिवासी घरातला, घरचं सगळं बेताचं, मेक्सिको सिटीत आल्यावर लहान वयातच बापाबरोबर रस्त्यावर व्हायोलिन वाजवायचा. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात गेला पण शिक्षण अर्धवटच राहिलं. तरी त्याने राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या बायकोसाठी 'कार्मेन' नावाचा वॉल्ट्झ केला, पोल्का, माझुर्का असे दुसरे नाचाचे प्रकार पण केले. आणि हा 'सोब्रे लास ओलास' वाग्नर इ लेव्हिएन या प्रकाशकाने 1888 मध्ये छापला तेव्हा पठ्ठ्या जेमतेम विशीचा होता. हक्क 45 पेसोंना विकले म्हणतात, मग धून जगभर वाजली तरी याच्या खिशात काय येणार, कप्पाळ? 1894 मध्ये क्युबाच्या दौऱ्यावर आजारी पडला आणि तिथेच गेला, अवघा 26 वर्षांचा. आज त्याच्या गावाच्या नावात त्याचं नाव जोडलंय, पण वॉल्ट्झ म्हटला की लोक अजूनही डोळे झाकून स्ट्रॉस चिकटवतात.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, 'सर, प्रॉडक्ट डिफेक्टिव्ह नसेल तर रिटर्न होणार नाही.' धन्य!

अजून एक, यात फक्त पहिली चाल वाजते आणि परत परत तीच. मूळ वॉल्ट्झला आधी संथ सुरुवात आहे, पुढे वेगवेगळे भाग येतात, ते या एवढ्याशा फणीत कुठून बसणार, त्यासाठी पियानोवरचं किंवा बँडचं रेकॉर्डिंगच ऐका.

आवाजाला पाचपैकी पाच, माहितीला भोपळा. गिफ्ट द्यायला बेस्ट आहे, फक्त देण्याआधी स्टिकर काढा, खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवलं की निघतो.