फोमच्या फरशा, कटर आणि क्षचं माप

आठवी-नववीच्या गणिताची शिकवणी घेते, घरातच, नऊ पोरं. वर्ग त्रिपदीचे अवयव (क्ष² + 5क्ष + 6 सारखी राशी दोन कंसांच्या गुणाकारात मांडणं) आले की दरवर्षी तेच पाठ म्हणवून घ्यायचे: दोन संख्या शोधा, 'गुणाकार सहा, बेरीज पाच'. का, ते कुणी विचारायचं नाही, मीही सांगायचे नाही. यंदा ऑनलाइन 'अल्जेब्रा टाइल्स'चा डबा मागवला, 349 रुपये. आत फोमचे 4 मोठे चौरस (क्ष²), 12 पट्ट्या (क्ष लांब, 1 रुंद, म्हणून क्ष) आणि 20 बारके चौरस (1). पाठची बाजू सगळ्यांची लाल, ती ऋण.

क्ष² + 5क्ष + 6 काढून दिलं आणि म्हटलं, सगळे तुकडे वापरून एक आयत करा. एका पोरीने सहा बारके एका रांगेत लावले. मग कडा भरायला सात पट्ट्या लागायला लागल्या, हातात पाचच. तिने मोडलं, तीन-तीनच्या दोन रांगा केल्या. एका अंगाला तीन पट्ट्या, दुसऱ्या अंगाला दोन, आयत चपखल बसला. "म्हणजे बाजू क्ष+3 आणि क्ष+2!" हे तीच म्हणाली. अठरा वर्षं शिकवतेय, 'बेरीज पाच' कुठून येते ते मीही असं डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

आता तक्रार. पट्टीची लांबी बरोब्बर पाच बारक्या चौरसांएवढी! एकाने पाच तुकडे शेजारी मांडले आणि विचारलं, "मॅडम, मग क्ष म्हणजे 5 ना?" झालं! क्षचं माप बारक्यांच्या पूर्ण पटीत ठेवायचंच नसतं, एवढी साधी गोष्ट बनवणाऱ्याला कळू नये? शेवटी कटर घेऊन बसले. बाराही पट्ट्या 3 मिमीने आखूड केल्या, मोठ्या चौरसांच्या दोन-दोन बाजूही कापल्या. संध्याकाळ गेली.

ऋण चिन्हाला हे खेळणं जरा अडतं. क्ष² − क्ष − 6 ला एकच लाल पट्टी, आयत होतच नाही. दोन लाल आणि दोन रंगीत पट्ट्या जादा घालायच्या, म्हणजे शून्यच घातलं, मग जमतं. पोरांना ते पटायला दोन तास गेले, आणि लाल 'क्षेत्रफळ' म्हणजे काय याचं उत्तर माझ्याकडेही धड नव्हतं. तिथे सरळ फळ्यावर आले.

घनाच्या विस्ताराला याचा उपयोग नाही, तिथे लाकडी ठोकळेच हवेत. फोम मऊ आहे, आवाज होत नाही, पण पंख्याच्या वाऱ्याने बारके उडतात. वीसातले दोन सोफ्याखाली गेलेत. पाचपैकी साडेतीन.