ईस्टरची सुट्टी: इटलीची लांब फेरी की घरून रोजच्या सहली?

यंदा जर्मनीतल्या बवेरियात शिकवायला आलेल्या दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला, म्हणून लिहायला बसलो. ईस्टरच्या दोन आठवड्यांत बॅगा भरून एकदाच लांब जावं, की घरीच मुक्काम ठेवून सकाळी निघावं आणि रात्री परतावं? मी दोन्ही केलंय. 2024 ला आम्ही दोघं इटलीला गेलो, 2025 ला आउग्सबुर्गहून, म्हणजे आमच्या घरून, रोजच्या सहली केल्या.

आधी इटली, कारण मोह तिचाच मोठा. म्युनिकहून रेल्वेगाडीत बसलं की ब्रेनरची खिंड ओलांडून साडेपाच तासांच्या आसपास वेरोना. मार्चअखेर इकडे स्वेटर निघत नाही आणि तिकडे लोक बाहेर उन्हात कॉफी पीत बसलेले, एवढ्यावरच पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. इंटररेल, म्हणजे युरोपभर रेल्वेने फिरायचा पास, इथला रहिवासी म्हणून आपल्यालाही मिळतो, मात्र राहत्या देशात तो जाताना एकदा आणि येताना एकदाच चालतो. शिवाय इटलीतल्या वेगवान गाड्यांचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसेही वेगळे. पण हे सगळं मी हसत सोसलं असतं.

खटकली ती बॅग. खोली दहाला सोडायची, पुढच्या गावातली तीनला मिळणार. मधले पाच तास बॅग आपल्या गळ्यात. 31 मार्चला, ईस्टरच्या रविवारी, आम्ही फ्लोरेन्समध्ये होतो. त्या दिवशी तिथे पांढरे बैल फटाक्यांनी भरलेला उंच लाकडी रथ कॅथेड्रलसमोर ओढून आणतात. अकराच्या सुमारास आतल्या वेदीपासून कबुतराच्या आकाराचा बाण तारेवरून सुसाटत येतो आणि रथ पेटवतो. मी महिनाभर आधीपासून वर्गात त्याचं वर्णन करत होतो. त्यात त्याच रात्री घड्याळं तासभर पुढे गेलेली, म्हणजे झोपेचंही खोबरं. दहाला खोली सोडली आणि सामान ठेवायच्या एका दुकानासमोर रांगेत उभे राहिलो. पुढे वीसेक माणसं, पावती लिहिणारा एकटा. बायकोला म्हटलं, तू पुढे हो. ती म्हणाली, दोघांच्या बॅगा तू एकटा कसा सांभाळणार? एवढ्यात घंटा आणि धडाडधूम सुरू झाली. घरांच्या छपरांवरून धूर वर आला. रथ काही दिसला नाही. आमच्या पुढच्या आजोबांनी तर कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, रात्री आपल्याच गादीवर झोपायचं.

डॉइचलांडटिकिट, म्हणजे जर्मनीभरच्या साध्या गाड्यांचा महिन्याचा पास, बहुतेक मास्तरांकडे शाळेत जाण्यायेण्यासाठी असतंच. 2025 ला ते महिन्याला 58 युरो होतं, 2026 पासून 63. वेगवान गाड्यांत ते चालत नाही, पण थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांत थेट साल्झबुर्गपर्यंत चालतं. त्या गाड्या म्हणजे आपली एसटीच, हात दाखवला तर थांबत नाही एवढंच. समोर घडीचं टेबल मिळालं तर पेपरांचा गठ्ठा तपासून होतो. इटलीत तोच गठ्ठा बॅगेच्या तळाशी फिरून आला होता, एकही पेपर न तपासता.

उल्म तासाभरात, फ्युसन दोनेक तासांत. मला सर्वांत आवडलं ते न्यॉर्डलिंगन, डोनाउव्योर्थला गाडी बदलून तास-सव्वा तास. दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या विवरात हे गाव वसलंय. लोणार पाहिलेला माणूस इथे आला की आधी विवर शोधत बसतो. ते सापडत नाही, कारण ते पंचवीसेक किलोमीटर रुंद आहे आणि आपण त्याच्या आतच उभे असतो. चर्चच्या नव्वद मीटर उंच मनोऱ्यावर चढलो तेव्हा चारी बाजूंच्या टेकड्यांचं कडं कुठे लक्षात आलं. मनोऱ्याचा दगडही त्या आघातातूनच तयार झालेला. खाली उतरलो आणि पाऊस सुरू झाला, तर तटबंदीवरून गावाला पूर्ण फेरी घातली. तटबंदीला वर छप्पर आहे, त्यामुळे कोरड्यानेच फिरता आलं. मध्ये एका झरोक्याशी बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सणाच्या दिवसांत दुकानं बंद असतात, तेव्हा डबा हवाच.

सहलींतही डोकेदुखी आहे. सुट्टीतच रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये कोंबतात. गाडीचे डबे मध्येच सुटे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात. टेगर्नझेला निघालेलो मी चुकीच्या डब्यात बसून लेंगग्रीसला उतरलोय, चूक सर्वस्वी माझी. पण त्या दिवशी हातात फक्त छत्री होती. पुढच्या गाडीने परत फिरलो, बस्स. आणि एप्रिलचं हवामान लहरी असल्याने सकाळी खिडकीतून आभाळ बघून बेत ठरवता येतो, हा फायदा लहान नाही.

तुमचा इथला करार वर्षभराचाच असेल, किंवा आईबाबा भारतातून आलेले असतील, तर इटलीच करा, मी अडवणार नाही. दोन-तीन वर्षं राहणार असाल तर मात्र पहिली सुट्टी घरून काढून बघा असं सुचवेन. यंदा सुट्टी 30 मार्चला सुरू होतेय. आम्ही रेगेन्सबुर्गचा दगडी पूल आणि पुन्हा एकदा न्यॉर्डलिंगन धरलंय. फ्लोरेन्सचा रथ बघायचा राहिलाय, तो बघणारच, पण रविवारी दुपारी एकपर्यंत खोलीत बॅग राहू देणारा कुणी भेटला की मग.