जुने फोटो स्कॅन करून देणाऱ्या तालुक्याच्या स्टुडिओचा अनुभव

मूल तालुक्यातील आमच्या गावच्या बुद्धविहारात वस्तीतील जुन्या फोटोंचा संग्रह ठेवायचे ठरले, तेव्हा घरोघरच्या पेट्यांतून आणि भिंतींवरून उतरवलेले ४३ फोटो घेऊन मी तालुक्याच्या एका स्टुडिओत गेलो. स्कॅनिंगला फोटोमागे ४० रुपये आणि दुरुस्तीला २५० रुपये असा दर होता.

स्कॅनिंगचे काम उत्तम झाले. आमच्या कवेलूच्या (कौलारू) घरांत पावसाळाभर ओल असते, त्यामुळे तसबिरीतले बरेच फोटो काचेला चिकटले होते. मी एक तसबीर उघडू लागताच तिथल्या तरुणाने माझा हात धरला. "काकाजी, ओढू नका, चेहरा काचेलाच राहून जाईल." अशा जुन्या फोटोतले चित्र कागदात नसून वरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असते आणि ओलीने तोच थर काचेला धरतो, हे त्याने समजावून सांगितले. असे फोटो त्याने काचेसकट, उजेडाची तिरीप पडू न देता कॅमेऱ्याने टिपले. बाकीचे ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने, स्कॅन करून टिफ फाइलमध्ये दिले. जेपीजीत तपशील कमी होतो, म्हणून मूळ प्रत टिफमध्येच मागून घ्यावी.

दुरुस्तीबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्यालाही (आजचे चंद्रपूर) दीक्षा दिली. माझे आजोबा-आजी छोट्या लाइनीच्या (नॅरोगेज) गाडीने मूलहून चांद्याला गेले होते आणि परतण्यापूर्वी त्यांनी तिथे फोटो काढून घेतला. आजीचे पांढरे लुगडे, मुठीत घट्ट धरलेला पदर आणि आजोबांच्या सदऱ्यावर घडीच्या उभ्या-आडव्या रेघा; कापड त्या दिवसासाठीच नवे घेतले होते, हे त्या रेघांवरून कळते. दुरुस्त होऊन आलेल्या फोटोत त्या रेघा डाग समजून पुसल्या होत्या, लुगडे गुलाबी झाले होते, आणि संगणकाने आजीला दिलेले डोळे आमच्या घरात कोणाचेच नव्हते. दीक्षेला आपली माणसे शुभ्र वस्त्रे नेसून गेली, याची आमच्या घरातली साक्ष तेवढीच होती.

शिवाय मागची बाजू स्कॅनच झाली नव्हती. तिथे फोटोवाल्याचा शिक्का आहे आणि आजोबांच्या हातची, शिसपेन्सिलीने लिहिलेली 'चांदा, दीक्षा' ही अक्षरे आहेत. मी हे दाखवल्यावर स्टुडिओने दुरुस्तीचे पैसे परत केले आणि सर्व फोटोंच्या मागच्या बाजू दोन दिवसांत विनामूल्य स्कॅन करून दिल्या. ११ फोटोंमागे नावे निघाली. त्यातले एक नाव वाचून दाखवल्यावर शेजारच्या आजीबाईंनी स्वतःच्या वडिलांना प्रथमच तरुणपणीच्या रूपात ओळखले.

चिकट पानांच्या अल्बममधले ६ फोटो अजून बाकी आहेत. ते घेऊन दिवाळीनंतर याच स्टुडिओत जाणार आहे, पण केवळ स्कॅनिंगसाठी आणि दोन्ही बाजूंच्या.