टँकरचं पाणी तपासलं, लॅबला साडेतीन स्टार

आम्ही वाघोलीत राहतो, सोसायटीला अर्धं बोअरचं आणि अर्धं टँकरचं पाणी, चव बरी आहे म्हणून इतकी वर्षं कोणी विचारच केला नाही. लेक अडीच महिन्यांची, माझं दूध पुरेना म्हणून पावडरचं सुरू केलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले बोअरचं पाणी असेल तर नायट्रेट (पाण्यात विरघळणारा एक क्षार) तपासून घ्या.

लॅबचं नाव लिहीत नाही कारण तक्रार पण आहे. काउंटरवरच्या दादाने आठशेचं बेसिक पॅकेज गळ्यात मारलं, त्यात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), हार्डनेस, कॉलिफॉर्म जंतू सगळं आहे पण नायट्रेटच नाही! फॉर्म नीट वाचला म्हणून कळलं, त्याचे वेगळे साडेतीनशे. नळ पाच मिनिटं सोडून बाटली भरायची आणि बर्फात ठेवून लगेच पोचवायची, नवऱ्याने स्कूटीवर पायात थर्माकोलचा डबा धरून नेली. रिपोर्ट दोन दिवसांत म्हणाले, आला पाचव्या दिवशी, तोही तीन फोन केल्यावर.

पण रिपोर्ट समजावणाऱ्या ताईंना पाचपैकी पाच. नायट्रेट 68 आलं, आपल्याकडे लिमिट लिटरला 45 मिलिग्रॅम. मोठ्यांना लगेच काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलतं की ते ऑक्सिजन नेऊच शकत नाही. ओठ, नखं निळसर दिसली तर थेट हॉस्पिटल गाठायचं. (आमचं पिल्लू ठणठणीत आहे, तरी त्या रात्री मोबाईलच्या टॉर्चमध्ये दहाच्या दहा नखं बघितली.)

सासूबाईंचं म्हणणं, आपण उकळून देतोय की. उकळून जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, वर पाणी आटलं की उलट घट्ट होतं. आमचा जुना यूव्ही फिल्टरही इथे बिनकामाचा, आणि तो विकणारा माणूस टीडीएसचं पेन बुडवून "380, एकदम मस्त पाणी मॅडम" म्हणून गेला होता, त्या पेनाला नायट्रेट किती ते कळतच नाही!

मग आरओ बसवला, तोवर सीलबंद पाणी. आरओचं पाणी परत त्याच लॅबला दिलं, नायट्रेट 11. आरओमधलं मेंब्रेन (गाळणारा पडदा) जुनं झालं की परत वाढू शकतं म्हणून अधूनमधून तपासायला सांगितलंय. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवरचा दादा स्वतःहून म्हणाला, "नायट्रेट धरू ना मॅडम?" साडेतीनशे मात्र घेतलेच.