मित्राला कॉफीला न्यायचंय: ‘वैशाली’ बरं की नवं कॅफे?

मित्र पुण्यात आलाय, ‘कॉफीला भेटू’ म्हणतोय. सरळ दोन पर्याय आहेत: फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ हे जुनं दक्षिणी हॉटेल, नाहीतर कोरेगाव पार्क, औंध, प्रभात रोड या बाजूंना निघालेली नवी कॅफे, जिथे मेन्यूत कॉफीसोबत मळ्याचंही नाव छापलेलं असतं. ‘गुडलक’चं नाव निघणारच. १९३५ पासूनचं इराणी हॉटेल आहे, बनमस्क्यासाठी जरूर जा. पण तिथे जायचं ते चहाला, म्हणून या तुलनेत ते नाही.

मी निवड करताना एकच गोष्ट बघतो: किती वेळ बसायचंय? कारण ते बरंचसं कपच ठरवतो.

‘वैशाली’त मिळते ती फिल्टर कॉफी. तिचं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, आधीच उतरवून ठेवलेलं असतं. त्यात गरम दूध पडलं की कॉफी तयार, त्यामुळे ऑर्डर दिल्यावर फार थांबावं लागत नाही. दक्षिणी पद्धतीच्या पुडीत बहुधा २० ते ३० टक्के चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते. तिच्यामुळे डिकॉक्शन दाट आणि कडसर होतं, दुधातसुद्धा चव दबत नाही. पण पेला छोटा आणि कॉफी गरमच प्यायची, म्हणजे पाच मिनिटांत खेळ खलास. मग एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) मागवा, डोसा मागवा, पुन्हा एक कॉफी मागवा. ‘वैशाली’त गप्पा चालतात त्या खाण्याच्या जोरावर. रविवारी सकाळी मात्र बाहेर नाव देऊन ताटकळायची तयारी ठेवा, आणि आत गेल्यावर टेबलाकडे डोळे लावून उभी असलेली मंडळी दिसत असताना घटस्फोटाचा विषय काढू नका. मधल्या वारी, दुपारी तीन-चारच्या सुमाराला जागा मिळायची शक्यता जास्त.

नव्या कॅफेत पोअर-ओव्हर मागवून बघा. साधारण १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी, तेही उकळतं नव्हे, ९२ ते ९६ अंशांचं. बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, बारीक धारेने गोल गोल ओततो, पूड आधी फुगते, बुडबुडे येतात, मग थेंब पडायला लागतात. तीन-चार मिनिटं त्यातच जातात. ही कॉफी बिनदुधाची, बहुतेक वेळा अरेबिका जातीच्या बियांची. गरम असताना नुसती हलकी लागते. कोमट झाली की आंबटगोड चव वर येते. म्हणजे सावकाश प्यायलाच हवी, आणि एका कपावर तासभर बसलात तरी सहसा कोणी उठवत नाही. बहुतेकदा काचेच्या छोट्या भांड्यातून येते, त्यामुळे दोघांत एक पुरते. (मेन्यूत ‘रत्नागिरी इस्टेट’ दिसलं तर मित्र कोकणातला असला तरी उगाच हरखू नका, तो मळा कर्नाटकात आहे.)

मित्राला चहा-दुधाची सवय असेल, तर पोअर-ओव्हरचा पहिला घोट त्याला ‘पाणचट’ वाटणार. त्याच्यासाठी कॅपुचिनो सांगा, वाद नको.

पैशांचा फरक मोठा आहे. कॅफेतला एक कप साधारण दोनशेच्या पुढे जातो. तेवढ्यात ‘वैशाली’त दोघांची कॉफी होऊन काहीतरी खाणंही होतं. कोण बिल देणार यावरून ओढाताण होणारच असेल, तर ती लहान रकमेवर झालेली बरी.

माझं मत विचाराल, तर चौघं-पाचजण जमणार असतील, कॉलेजच्या आठवणी काढायच्या असतील, किंवा मित्र कॉफी पीतच नसेल, तर डोळे झाकून ‘वैशाली’. दोघंच असाल आणि नोकरी सोडावी का, आईच्या आजारपणाचं कसं करायचं, असलं काही बोलायचं असेल, तर कॅफे. फक्त स्पीकरपासून लांबचं टेबल धरा आणि लॅपटॉपवाल्यांच्या रांगेत बसू नका, तिथे आपलाच आवाज आपल्याला मोठा वाटायला लागतो. आणि बिलात सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर ते देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं स्पष्ट केलंय. काढायला सांगा.